पोस्टमनची गाणी : जॉन प्राइनची पहिली ध्वनिमुद्रिका

अमेरिकन कंट्री संगीत आपल्या ख्रिस्ती घरांत आले ते बहुतांशी जिम रीव्हजच्या आवाजातून. नाताळ जवळ आला की त्याची गाणी लावण्याची प्रथा कित्येक कुटुंबांनी आजही जपली आहे. तो मखमली, संथ, धीर देणारा आवाज आपल्या इतक्या परिचयाचा झाला की कंट्री संगीत म्हणजे असाच गोडवा, अशी आपली समजूत होऊन बसली. परंतु त्याच संगीताची आणखी एक धारा आहे. खेड्यापाड्यांतील आणि कामगार वस्त्यांतील माणसांच्या वाट्याला आलेले दुःख साध्या चालीत सांगणारी ही धारा लोकगीतांच्या अंगाने वाहत आली आहे. तिचा आवाज खरखरीत, तिचे शब्द रोजच्या वापरातले, आणि तिच्या प्रत्येक गीताच्या शेवटी सांत्वन मिळेलच असे नाही. या धारेची ओळख करून घ्यायची असेल, तर १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन प्राइनच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून आरंभ करावा असे मला वाटते. ध्वनिमुद्रिकेचे नावही 'जॉन प्राइन' एवढेच आहे. तीत तेरा गाणी असून ती सर्व त्याने स्वतः लिहिली आहेत.

ही गाणी सुंदर आहेत असे सांगून समीक्षकाचे काम संपत नाही. या तेरा गाण्यांपैकी एका गाण्यात प्रभू येशूच्या मरणाविषयी अशी एक ओळ आहे की ती ऐकून श्रद्धावंत श्रोता दचकल्यावाचून राहत नाही. ती ओळ ख्रिस्ती घरात ऐकावी की टाळावी, हा प्रश्न दुर्लक्ष करण्याजोगा नाही. त्याचे उत्तर त्या एका ओळीत शोधून सापडणार नाही. हा कवी माणसांकडे कोणत्या जागेवरून पाहतो, हे प्रथम समजून घ्यावे लागेल.

प्राइनचा जन्म १० ऑक्टोबर १९४६ रोजी शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या मेवुड या उपनगरात झाला. आईवडील मूळचे केंटकी राज्यातील म्यूलेनबर्ग परगण्याचे. रोजगारासाठी ते उत्तरेला आले होते. वडील कारखान्यात कुशल कामगार व कामगार संघटनेचे कार्यकर्ते होते. वयाच्या चौदाव्या वर्षी थोरल्या भावाने जॉनला गिटार शिकवली. पुढे शिकागोतील 'ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक' या संस्थेतही त्याने शिक्षण घेतले. सैन्यात सक्तीची भरती झाली तेव्हा त्याच्या वयाचे अनेक जण व्हिएतनामला गेले. त्याची नेमणूक मात्र पश्चिम जर्मनीत, सैन्याच्या मोटारींची देखभाल करणाऱ्या विभागात झाली. परतल्यावर तो पोस्टमन झाला. मेवुडच्या परिसरात पत्रे वाटीत चालताना त्याने आपली पहिली गाणी मनातल्या मनात रचली.

१९७० साली शिकागोतील एका लहानशा गायनस्थळी तो गात असताना चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट तेथे आला आणि त्याने आपल्या वृत्तपत्रात या गाणाऱ्या पोस्टमनवर लेख लिहिला. पुढील वर्षी मित्र स्टीव्ह गुडमन याच्या आग्रहावरून क्रिस क्रिस्टॉफरसन या नामवंत गीतकाराने रात्री उशिरा, खुर्च्या टेबलांवर उपड्या ठेवल्या गेल्या होत्या अशा वेळी, त्याची गाणी ऐकली. मग न्यूयॉर्क, अटलांटिक कंपनीचा जेरी वेक्सलर, आणि दुसऱ्याच दिवशी करार. हा सारा प्रवास कादंबरीत शोभावा असा आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : ज्याची गाणी आपण ऐकणार आहोत, तो तरुण दररोज शेकडो दारांपाशी जात होता. पोस्टमन घरात शिरत नाही. तो उंबऱ्यापर्यंत येतो, नाव घेऊन हाक मारतो, काय आले ते हातात देतो आणि पुढच्या घराकडे वळतो. कोणाचे पत्र पुष्कळ दिवसांत आले नाही, हेही त्याला ठाऊक असते. या ध्वनिमुद्रिकेतील उत्तम गाणी अशाच रीतीने माणसांच्या दाराशी जातात.

ध्वनिमुद्रण मेम्फिस शहरातील 'अमेरिकन साउंड स्टुडिओ'त झाले. निर्माता होता आरिफ मार्डिन. ज्या वादकांनी १९६९ साली एल्विस प्रेस्लीला साथ केली होती, तेच येथे साथीला होते. अशा कसलेल्या वादकांपुढे नवखा गायक बिचकला असल्यास नवल नाही, आणि त्याचा आवाज काही गाण्यांत आखडलेला वाटतो, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या आवाजाला विस्तार नाही; तो नाकात गातो, तार सप्तकाकडे फिरकत नाही. तरीही हा आवाज या गाण्यांना फार जुळतो. शेजारी बसलेला माणूस हलक्या आवाजात एखादी घरगुती गोष्ट सांगतो, तेव्हा आपण त्याच्या आवाजाची प्रत पाहत नाही. चाली बहुधा तीन-चार स्वरमेळांत बसणाऱ्या. अंगठ्याने खर्ज धरून बोटांनी सूर छेडण्याची जुनी केंटकी पद्धत त्यांच्या पाठीशी आहे. साथीदारांनीही शहाणपणाने संयम पाळला आहे. शब्द ऐकू यावेत म्हणून वाद्ये मागे सरतात.

'हॅलो इन देअर' हे गाणे वृद्ध दांपत्याचे आहे. बोलतो तो पती. मुले मोठी होऊन दूर गेली, एक मुलगा कोरियाच्या युद्धात गमावला, आणि त्या युद्धातून नेमके काय साधले हे आजही उमगलेले नाही. पत्नी मागच्या दारातून शून्यात पाहत असते. कारखान्यातील जुन्या सोबत्याला कधी फोन करावा असे त्याला वाटते. पण त्याने काय नवीन विचारले तर सांगण्यासारखे काहीच नाही. हे लिहिणारा कवी ऐन विशीतला होता. लहानपणी मित्राबरोबर एका वृद्धाश्रमात वर्तमानपत्रे टाकायला तो जात असे, तेव्हा तेथील काही रहिवासी आपला नातू किंवा पुतण्याच भेटीला आला आहे, असे भासवून त्याच्याशी बोलत, ही आठवण त्याने पुढे सांगितली आहे. त्या अनुभवाचे गाणे करताना त्याने मुलाची भूमिका सोडली आणि म्हाताऱ्याची घेतली. भेटायला येणाऱ्याला काय वाटते हे सांगून तो थांबला असता, तर गाणे हळवे झाले असते. वाट पाहणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिल्यामुळे ते खरे झाले.

या गाण्याचा शेवट उपदेशाकडे झुकतो. रस्त्याने जाताना वृद्ध डोळे दिसले तर नुसते पाहून पुढे जाऊ नका, दोन शब्द बोला, अशी विनवणी त्यात आहे. उपदेशाने कवितेचा घात होतो, हा नियम येथे लागू पडत नाही. कारण मागणी अत्यंत लहान आहे. कवी आपल्याला समाज बदलायला सांगत नाही, मोठा त्याग मागत नाही. फक्त हाक मारायला सांगतो. गाण्यातील सारे मौन ऐकून झाल्यावर या लहान मागणीचे वजन कळते. १९७२ साली बेट मिडलर या गायिकेने हे गाणे गायिले आणि ते दूरवर पोचले. परंतु मूळ गायनातील अवघडलेपण मला अधिक जवळचे वाटते. म्हातारपणाचे गाणे फार सफाईने गाऊ नये.

'एंजल फ्रॉम माँटगोमेरी' या गाण्यात प्राइन आणखी एक पाऊल पुढे जातो. येथे पहिल्याच शब्दांपासून बोलणारी एक स्त्री आहे, उतारवयाला लागलेली, किंवा वयापेक्षा अधिक थकलेली. नवरा कामावर जातो, संध्याकाळी परततो, आणि दोघांत बोलण्यासारखे काही उरलेले नसते. स्वयंपाकघरात माश्यांची गुणगुण ऐकू येते. ती सुटका मागते. परंतु सुटका म्हणजे काय हे तिलाही सांगता येत नाही. म्हणून ती एका देवदूताची आणि तरुणपणी पाहिलेल्या एका पुरुषाच्या धूसर आठवणीची आस धरते. चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाने 'मी म्हातारी बाई आहे' अशा भूमिकेतून गावे, यात एक धोका होता. श्रोते हसले असते. कोणीही हसत नाही. याचे कारण असे की कवीने तिच्यासाठी कसलीही शोकांतिका रचलेली नाही. नवरा दुष्ट नाही, दारिद्र्य असह्य नाही, कोणी मेलेले नाही. एका विवाहातील संवाद कधीतरी आटला आणि दोघांनीही ते मान्य करून टाकले, इतकेच. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरे बाहेरून सुस्थितीत दिसतात आणि आत असेच मौन नांदत असते. विवाह टिकला आहे एवढ्यावर आपण समाधान मानतो. टिकलेल्या विवाहातील एकटेपणाकडे पाहायला हे गाणे आपल्याला भाग पाडते, आणि तेही कोणाला दोषी न ठरवता. बॉनी रेट हिने १९७४ साली हे गाणे गाऊन ते अजरामर केले. स्त्रीच्या कंठात ते अधिक शोभते यात शंका नाही. परंतु ते लिहिताना एका तरुण पुरुषाने आपले पुरुषपण किती सहज बाजूला ठेवले, हे मूळ ध्वनिमुद्रिकेतच कळते.

आता 'सॅम स्टोन'. आरंभी उल्लेखिलेली ओळ याच गाण्यात आहे. सॅम स्टोन परदेशातील युद्धावरून घरी येतो. युद्धाचे नाव गाण्यात नाही, पण १९७१ साली ते सांगण्याची गरज नव्हती. गुडघ्यात तोफगोळ्याचे तुकडे, छातीवर जखमी सैनिकाला मिळणारे पदक, आणि वेदना शमवण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनची सवय घेऊन तो येतो. सवयीचे व्यसन होते, व्यसनापायी चोरी येते, मुलेबाळे उघडी पडतात, आणि अखेर एका बंद खोलीत त्याचा अंत होतो. सरकारी सवलतीने घेतलेले घर जाते आणि मोबदल्यात राष्ट्रध्वजाने झाकलेली शवपेटी मिळते. १९७१ च्या जून महिन्यात अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांचे व्यसन हा देशाचा पहिला शत्रू असल्याचे जाहीर केले, आणि त्या काळी व्हिएतनाममधील व्यसनाधीन सैनिकांची चर्चा सर्वत्र होती. वृत्तपत्रांनी जे आकड्यांत सांगितले, ते प्राइनने एका घरात नेऊन दाखवले.

गाण्याचे ध्रुपद सॅमच्या लेकराच्या तोंडी आहे. बापाच्या दंडावरील सुईच्या खुणेकडे ते मूल पाहते, आणि घरातला पैसा कुठे जातो ते त्याला तेथेच कळते. त्यापाठोपाठ ते ख्रिस्ताच्या मरणाविषयी बोलते. ते मरण व्यर्थच गेले असावे, असा त्या बोलण्याचा भाव आहे. हे ऐकून अनेकांना दुखापत झाली. जॉनी कॅश हा श्रद्धावान गायक होता. त्याने हे गाणे गायिले तेव्हा ही ओळ बदलून घेतली. कॅशच्या हेतूबद्दल मनात आदर ठेवूनही मला असे वाटते की या बदलाने गाणे उणे झाले.

माझ्या मताची कारणे दोन. पहिले असे, की ही ओळ कवीचा सिद्धांत नाही. ती एका मुलाची आहे, आणि तिच्या शेवटी 'असे वाटते' या अर्थाचे एक अडखळते पुस्तीवजा बोल आहे. नास्तिकाला ख्रिस्ताचे मरण व्यर्थ गेल्याचे दुःख होत नाही. त्याला त्या मरणाशी कर्तव्यच नसते. ज्या घरात क्रूस भिंतीवर आहे, ज्या मुलाला कोणीतरी शिकवले आहे की ख्रिस्त आपल्यासाठी मेला, तेच मूल बापाकडे पाहून असा प्रश्न करू शकते. ती ओळ अश्रद्धेतून आलेली नाही. शिकवलेली श्रद्धा आणि पाहिलेले वास्तव यांचा मेळ बसेना म्हणून ती उमटली आहे.

दुसरे कारण पवित्र शास्त्रातच आहे. स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. इतर विलापस्तोत्रांप्रमाणे शेवटी त्यात स्तुतीकडे वळण नाही. तरीही ख्रिस्तसभेने ते गाळले नाही, आपल्या प्रार्थनेत ठेवले. प्रभूने स्वतः क्रूसावर बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश ओठी घेतला. आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस संत पौल तर हाच भयंकर विचार युक्तिवादासाठी उच्चारतो : माणूस नियमशास्त्राच्याच बळावर नीतिमान ठरू शकत असता, तर क्रूसाला काही प्रयोजनच उरले नसते. पौलाने जे वाक्य 'तर' लावून नाकारण्यासाठी मांडले, तेच वाक्य सॅमच्या लेकराच्या तोंडून 'तर' गळून बाहेर पडते. ते नाकारण्याचे काम त्या मुलाचे नव्हे, आपले आहे. आणि ते शब्दांनी करता येणार नाही. सॅमच्या दाराशी कोणी गेले असते, तरच ते होऊ शकले असते. मराठी संतांनी देवाशी केलेली भांडणे आपण भक्तीच मानतो. मग हे भांडणही त्याच नजरेने ऐकावे. मागे वाजणारा ऑर्गन लक्षपूर्वक ऐकला, तर अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये बसल्याचा भास होतो. वादकांनाही हे गाणे कोठे घडते आहे, ते समजले असावे.

'पॅराडाइज' हे गाणे प्राइनने आपल्या वडिलांसाठी लिहिले. ते मेम्फिसमध्ये नव्हे, न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाले. साथीला स्टीव्ह गुडमन आणि व्हायोलिनवर थोरला भाऊ डेव्ह. पॅराडाइज हे म्यूलेनबर्ग परगण्यात ग्रीन नदीकाठी वसलेले खरेखुरे गाव होते, आणि आईवडिलांबरोबर सुटीत त्या भागात जाणे हा मुलांचा आनंद होता. पुढे तेथे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचे कोळशावर चालणारे प्रचंड विद्युतकेंद्र उभे राहिले. सभोवतालची जमीन पीबॉडी कंपनीने खणून काढली. या खाणकामात बोगदे पाडले जात नाहीत. झाडे, माती, खडक असा वरचा सारा थर यांत्रिक फावड्यांनी खरवडून खालचा कोळसा उघडा केला जातो. राखेने माखलेल्या गावात राहणे अशक्य झाले आणि १९६७ साली उरलेसुरले गाव पाडून टाकण्यात आले.

गाण्यात मूल बापाला म्हणते, मला त्या गावी घेऊन चला. आणि बाप सांगतो, आता उशीर झाला. सारी गोष्ट या प्रश्नोत्तरात आहे. नदनवन म्हणजेच पॅराडाइज हे गावाचे नाव कवीने शोधले नाही, ते आयतेच मिळाले. मात्र त्याने त्याचा गैरफायदा घेतला नाही हे विशेष. उत्पत्तीच्या पुस्तकातील एदेन बागेकडे तो एकदाही बोट दाखवत नाही. गाव, नदी, जुना तुरुंग, आणि कंपनीचे नाव यांवरच तो थांबतो. नाव घेण्याचे परिणामही झाले. पुढे कंपनीने 'वस्तुस्थिती विरुद्ध प्राइन' अशा अर्थाच्या मथळ्याचे पत्रक काढले. एका गाण्याला एवढ्या मोठ्या कंपनीला उत्तर द्यावेसे वाटले, हीच त्या गाण्याच्या बळाची पावती. तीन मात्रांच्या डुलत्या ठेक्यातील या चालीवर कोणीही नाचू शकेल. शोकगीताला नाचाची चाल हा विरोधाभास नव्हे. हरवलेले गाव आनंदाचे होते, म्हणून त्याची आठवणही आनंदाच्या चालीत येते.

प्राइनच्या वडिलांनी ध्वनिफितीवर हे गाणे ऐकले, ते शेजारच्या खोलीत जाऊन बसून. असे का, म्हणून विचारल्यावर, हे गाणे ज्यूकबॉक्सवर लागले आहे अशी कल्पना करायची होती, असे त्यांनी सांगितले. ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९७१ च्या ऑगस्टमध्ये, त्यांचे निधन झाले.

या ध्वनिमुद्रिकेतील सर्वच गाणी एका तोलाची नाहीत, हेही सांगितले पाहिजे. 'युअर फ्लॅग डिकॅल वोन्ट गेट यू इंटू हेवन एनिमोर' हे त्या काळी फार गाजलेले गाणे. 'रीडर्स डायजेस्ट'च्या अंकासोबत राष्ट्रध्वजाचे चिकटचित्र आले आणि पाहता पाहता ते मेवुडमध्ये जिकडे तिकडे दिसू लागले; ते अंक वाटणारा पोस्टमन हे पाहत होता. गाण्यातील गृहस्थ मोटारीच्या काचेवर इतके ध्वज चिकटवतो की त्याला पुढचे दिसेनासे होते, अपघातात तो मरतो, आणि स्वर्गाच्या दाराशी त्याला कळते की या युद्धामुळे तेथे आधीच गर्दी झाली आहे. विनोद धारदार आहे आणि त्यातील विचाराशी, म्हणजे हिंसेला देवाच्या नावाने पवित्र करता येत नाही याच्याशी, ख्रिस्ती वाचकाचा मतभेद असू नये. तरीही हे गाणे 'सॅम स्टोन'च्या पंक्तीला बसत नाही. येथे कवी त्या गृहस्थाच्या दाराशी गेलेला नाही. तो वर, संत पेत्राच्या शेजारी जाऊन बसला आहे आणि तेथून निकाल देतो आहे. कदाचित त्या माणसाचाही मुलगा युद्धावर गेला असेल; काचेवर ध्वज लावण्यापलीकडे त्याला काय करावे ते सुचत नसेल. 'हॅलो इन देअर'मधील म्हाताऱ्याला मिळालेली सहानुभूती या माणसाला मिळाली नाही. स्वतः प्राइननेही हे गाणे पुढे कित्येक वर्षे कार्यक्रमांतून गाळले होते, आणि इराकच्या युद्धकाळात पुन्हा गायला घेतले. प्रसंगाने जन्मलेल्या गाण्याला पुन्हा तसाच प्रसंग लागतो.

'स्पॅनिश पाइपड्रीम'मध्ये दूरचित्रवाणी संच फोडून, वर्तमानपत्रे फेकून, खेड्यात जाऊन राहा आणि येशूला स्वतःचा स्वतः शोधा, असा खट्याळ सल्ला आहे. तो ऐकायला मौजेचा वाटतो. मात्र येशूला एकट्याने शोधावे ही कल्पना आपल्याला अपुरी वाटेल. शेजाऱ्यावाचून तो सापडत नाही, हे तर याच ध्वनिमुद्रिकेतील इतर गाणी सांगतात. 'प्रिटी गुड' आणि 'फ्लॅशबॅक ब्लूज' ही गाणी चतुर ओळींच्या मोहात अडकतात आणि मनात फार काळ राहत नाहीत. 'सिक्स ओ'क्लॉक न्यूज' एका घरातील लाजिरवाण्या गुपिताची आणि त्यापायी उद्ध्वस्त झालेल्या मुलाची कथा सांगते. ती हृदय पिळवटणारी आहे. परंतु त्या मुलाला स्वतःचा आवाज मिळत नाही, आणि बातमीवर टीका करणारे गाणे काही अंशी बातमीसारखेच राहते.

उलट 'डोनाल्ड अँड लिडिया' पाहा. एक एकाकी शिपाई, एक स्थूल शरीराची एकाकी मुलगी. दोघांची गाठ कधीच पडत नाही, ते भेटतात ते केवळ एकमेकांच्या स्वप्नात. विषय हास्यास्पद होण्याला किती जवळचा आहे! परंतु कवीने दोघांनाही नावे दिली आणि ती नावेच गाण्याचे शीर्षक केली. लग्नपत्रिकेवर छापावीत तशी ती शेजारी शेजारी आहेत, आणि प्रत्यक्षात ते लग्न कधी होणार नाही. 'फार फ्रॉम मी' हे प्राइनचे स्वतःचे फार आवडते गाणे होते. प्रेम संपल्याचे कळून चुकलेला तरुण रात्री बंद होत असलेल्या उपाहारगृहात मुलीची वाट पाहतो, आणि फुटक्या काचेच्या तुकड्यात त्याला हिऱ्याची चमक दिसते. खोट्या गोष्टीही एखाद्या प्रकाशात खऱ्या दिसतात, हे येथे कोणत्याही टिप्पणीवाचून कळते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको की दुःख जितक्या साधेपणाने सांगावे तितके ते खोल जाते.

ध्वनिमुद्रिकेच्या खपाने त्या वेळी काही विक्रम केला नाही. 'नवा डिलन' असा शिक्का त्या काळच्या अनेक तरुण गायकांप्रमाणे प्राइनवरही बसला. तो बसला नसता तर बरे झाले असते, कारण डिलनच्या गाण्यांत आपण डिलनला शोधतो, आणि प्राइनच्या गाण्यांत प्राइन फारसा सापडतच नाही; सापडतात ती त्याने हाक मारलेली माणसे. दिवस गेले तसे या पहिल्या पुस्तकवजा ध्वनिमुद्रिकेचे मोल वाढत गेले. २००५ साली अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये राजकवी टेड कूझर यांच्याबरोबर त्याचा कार्यक्रम झाला. ७ एप्रिल २०२० रोजी कोविडच्या आजारात नॅशव्हिल येथे त्याचे निधन झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पॅराडाइज येथील विद्युतकेंद्रातील कोळशावर चालणारा अखेरचा संचही बंद पडला होता. गाव परत आले नाही. 'पॅराडाइज'च्या शेवटी व्यक्त केलेल्या इच्छेप्रमाणे त्याची अर्धी रक्षा ग्रीन नदीत सोडण्यात आली आणि अर्धी शिकागोत आईवडिलांजवळ पुरण्यात आली. रक्षा विखुरण्याला आपल्या ख्रिस्तसभेची संमती नाही, हे २०१६ च्या मार्गदर्शनपत्रात स्पष्ट केलेले आहे, आणि प्राइन काही कॅथलिक नव्हता. तरी आपल्या माणसांच्या भूमीत विसावण्याची ओढ आपल्याला परकी वाटू नये.

ही गाणी कुटुंबात ऐकावी का? माझे उत्तर होय असे आहे, परंतु निवड करून. 'सिक्स ओ'क्लॉक न्यूज' आणि 'डोनाल्ड अँड लिडिया' लहान मुलांसमोर लावण्याजोगी नाहीत. 'सॅम स्टोन' जाणत्या मुलांबरोबर ऐकावे, आणि ऐकून झाल्यावर त्या ओळीविषयी बोलावे. ती ऐकू आलीच नाही असे दाखवू नये. व्यसनाने पोखरलेली घरे आपल्या धर्मग्रामांतही आहेत, आणि त्या घरांतील मुले असा प्रश्न आज ना उद्या विचारणारच आहेत. 'पॅराडाइज' सर्वांनी मिळून गावे. आणि 'हॅलो इन देअर' हे घरातील वृद्धांच्या सोबतीने ऐकण्याचे गाणे आहे. इंग्रजी कळत नसेल तर नातवंडांनी त्यांना अर्थ सांगावा. आजोबा त्यावर काय म्हणतात, तेही मग थोडे थांबून ऐकावे.